सर्वानुमते मंजूर

अरे, लोकशाही काय असते, थे मले अकोल्याच्या एका सभेत समजलं! साठ-एकसष्टची गोष्ट असंन. आफ्रिकेतल्या काळ्या लोकायले मताचा हक्क भेटलाच पाहिजे, असा ठराव वाचनालयात मांडला होता. आमी सारे पेटलेलो. अध्यक्ष होते एक वकीलसाहेब. त्यायनं ठराव वाचला, टाळ्या पडल्या अन् नेहमीच्या रिवाजानं ते म्हणाले, "सर्वानुमते मंजूर!"

आमचा दोस्त दामू उभा राहिला. "साहेब, मत तं कोणाले इचारलंच नाही. हात वर कराले सांगा ना!"

वकीलसाहेब तापले. "तू काय गोऱ्यांच्या बाजूचा आहेस?"

"नाही जी, मी ठरावाच्याच बाजूनं हाव. पण मले मत द्याचं हाये."

"टाळ्या वाजवल्यास ना? बस खाली!"

दामू काही बसेना. साहेबानं टेबल ठोकलं. "याला बाहेर काढा! हेही सर्वानुमते मंजूर!"

दोघं जण दामूले वढत दारापर्यंत घेऊन गेले. तिथून तो वरडला, "साहेब, आफ्रिकेच्या ठरावात आता माहं नावबी टाका!"

काय सांगू राजेहो, सारी सभा हात वर करून उभी राहिली! अन् साहेबाले एकेक हात मोजाच लागला.