पस्तीस हजारांची सनई

दहिवलीच्या दाताच्या दवाखान्यात छाया गाल धरून बसली होती. शेजारी बेंजो पार्टीतले दोघे बोलत होते.

"दात गेल्यापासनं आबाजींची सनई फुसफुसतेय. आज कवळी नाय बसली, तर माझ्या गिटारला सिंथ पिकअप लावू. गिटारमधनं सनई वाजते."

"केवढ्याला रं नवीन?"

"मुंबईत पस्तीस हजार. जपानात निम्म्यात, पन वर कस्टमची ड्युटी."

"जुनं नाय?"

"पुन्यात हाय, वीसला. पन तार छेडली की त्याचा सूर जरा मागनं येतो."

"हळदीत नाचनारे थांबतील काय सुरासाठी? त्यापरीस कवळी नऊ हजारात."

आबाजी नवे दात बसवून आतून बाहेर आले.

"आबाजी, गॅरंटी किती?"

"दातांची पाच वर्सं."

"आन् तुमची?"

आबाजींनी पिशवीतून सनई काढली आणि ओठांना लावली.

आतून छायाचं नाव पुकारलं. सूर संपेपर्यंत ती उठली नाही.