आईंचं न म्हटलेलं आमेन

समारंभाचे अध्यक्ष, व्यासपीठावरचे माननीय पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या चर्चचे पाळकसाहेब आणि बाईसाहेब, पंचमंडळ, आणि प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सर्वांना माझा सलाम.

मी शिवणकाम करणारी बाई. गायकवृंदाचे झगे माझ्याच हातचे; ज्यांना ते घट्ट होतात त्यांनी मला नाही, स्वतःच्या जेवणाला बोल लावावा. भाषण मला जमत नाही, चौकशा मात्र फार जमतात. म्हणून वर्षभर मनात असलेला प्रश्न विचारूनच घेते. साहेब, प्रार्थना चालू असताना तुम्ही नेमकं काय ऐकत असता?

माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टरांनी हात टेकले, तरी घरात ठरलं, आईंना सांगायचं नाही. ठरवलं आमच्या ह्यांनी. ते काय, मागे माइकच्या मशीनजवळ बसलेत. साहेब भेटायला आले तेव्हा ह्यांनी दारातच बजावलं, "आईसमोर फक्त बरं होण्याचीच प्रार्थना हं." आणि प्रार्थनाही स्वतःच केली. "प्रभू, आई लवकरच उठून बसणार, आमचा विश्वास आहे." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी तर जरा जास्तच मोठ्याने.

साहेबांनी डोळे उघडले. "आई, तुमचं आमेन ऐकू आलं नाही."

"मी म्हटलंच नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी उठणार नाही हे मला कळतंय. मला भीती वाटते. पण हे सगळे इतक्या विश्वासाने मागतात, की भीती वाटते म्हणायचीही चोरी."

कुणी कुणाकडे बघेना. देवाला तर सगळं ठाऊक, मग हे नाटक आम्ही चालवलं होतं कुणासाठी?

"मग देवाला काय सांगू?" साहेबांनी विचारलं.

"हेच सांगा. आणि म्हणावं, माझ्या लेकाला माझ्याजवळ बसव. तो येतो, उशी सारखी करतो, औषध देतो आणि पळतो."

साहेबांनी तेच शब्द देवापुढे ठेवले. त्यावर आईंचं आमेन आलं, चांगलं खणखणीत. हे मात्र तडक बाहेर गेले. "माझ्या आईची आशा मोडली," म्हणाले, आणि साहेबांशी बोलणं टाकलं ते आजतागायत. दर उपासनेला माइक लावून देतात, तोंड उघडत नाहीत.

पण दुसऱ्या दिवसापासून हे आईंजवळ बसू लागले. दार लोटून मायलेक बोलायचे. काय बोलायचे? मी दाराला कान लावला, खोटं कशाला सांगू. कधी रडणं ऐकू यायचं, कधी चक्क हसणं. आई गेल्या तेव्हा त्यांचा हात ह्यांच्या हातात होता. त्याआधी मी ह्यांना आईचा हात धरताना पाहिलं नव्हतं.

आज सकाळी हे मला म्हणाले, "साहेबांना माझ्यातर्फे सांग, त्यांचे उपकार आहेत माझ्यावर." मी म्हटलं, "मी नाही सांगणार. दुसऱ्याच्या तोंडून बोलता यावं म्हणून का आईंनी आमेन अडवून धरलं होतं?"

तेव्हा माझा उरलेला वेळ मी ह्यांना देते. अध्यक्षमहाराज, कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं, तेवढं सांभाळून घ्या. बोलण्यात कुठे टाका उसवला असेल तर तोही पोटात घाला. साहेब, बाईसाहेब, तुमचे आणि ऐकून घेणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

अहो, या आता. माइक चालू आहे, तुम्हीच लावलाय.