सांगायचं, पण आत्ता नको

आणि म्हणे, आत्ता नको! अहो, मग कधी? तिला नातवंडं झाल्यावर? तुम्हाला सांगते, चौदा महिने झाले डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय, आमच्या लेकीला ऑटिझम आहे, आणि चौदा महिने तो कागद माझ्या कपाटात टॉवेलांखाली, जसा काही मी तो कुठून चोरूनच आणलाय! सासूबाई म्हणाल्या, "सांगू या गं, पण आत्ता नको, ह्यांचं ब्लडप्रेशर वाढेल." मामंजींचं ब्लडप्रेशर उतरलं, तर आमचे हे म्हणाले, "शाळेचा प्रवेश होऊ दे, आत्ता नको." प्रवेश झाला, तर धाकटे भाऊजी, "वहिनी, माझं प्रमोशन अडकलंय, आत्ता नको!" आता हिच्या ऑटिझमचा आणि भाऊजींच्या प्रमोशनचा काय हो संबंध?

आणि तोवर बोलणी कोण खातंय? ती, सात वर्षांची! आवाज झाला की कान झाकून जिन्यात बसते, तर खालच्या मजल्यावरची म्हणते, "फाऽऽर लाडावलीय हो!" परवा मला विचारते, "आई, मी वाईट आहे का?" काय सांगू? आत्ता नको, म्हणू?

मी कपडे लहानमोठे करून देते. माझ्या शिलाई मशीनशेजारी बसून हिला एक नाद लागला, कपड्यांच्या आतली लेबलं वाचायची. परवा भाऊजींचे साहेब चहाला आले. ही सोफ्यावर चढली, मागून त्यांची कॉलर उलटली आणि खणखणीत वाचलं, "कोमट पाण्यात धुवा! पिळू नका!" साहेब दचकले, चहा मांडीवर! भाऊजींनी तिला दंडाला धरून खस्सकन ओढलं. "वळणच नाही हो साहेब, आईनं डोक्यावर बसवलंय!" पोर टेबलाखाली, कानांवर हात.

माझं डोकंच फिरलं. सासूबाई चिमटा काढतायत, हे खोकतायत, दोघांचंही तेच, आत्ता नको, आत्ता नको... म्हटलं, "वळण आहे, भाऊजी. ऑटिझमही आहे. तो तिला जन्मापासून आहे, आणि चौदा महिने तुम्ही सगळ्यांनी दडवलाय!"

साहेब वाकले टेबलाखाली. "आणि इस्त्रीचं काय लिहिलंय गं?"

खालून आवाज आला, "मंद."

"तरीच कॉलर जळते! मी रोज कडक करतो." आणि जाताना म्हणाले, "हुशार आहे पोरगी."

झालं! दार लागतंय तोच सासूबाई, "एवढंच होतं, तर आधी नाही का सांगायचं?" अहो, मी? आणि भाऊजी? लिफ्टमध्ये, केस कापताना, भेटेल त्याला सांगत सुटलेत, "आमच्या पुतणीला ऑटिझम आहे बरं का!" काल तर मलाच समोर बसवून समजावत होते, "वहिनी, अशा गोष्टी लपवून ठेवू नयेत. धीर लागतो, मान्य आहे... पण शिका जरा माझ्याकडून."

म्हटलं, बरं.