खडूचा गोल

हार्डवेअरच्या दुकानात बादली घ्यायला आलेल्या चिमणाबाईंचे कान मागं रांगेत उभ्या दोघांकडं कधी लागले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"कृष्णात, पुरात सोडायच्या नावंला चीर हाय म्हणून मेस्त्रीनं तिच्याभोवती खडूनं गोल केलता. त्यो कुठं हाय?"

"रंगाखाली."

"रंगाखाली?"

"तूच म्हणालास की, निसार, रोलर असा मार, बोटभर बी जागा सोडू नगंस!"

"खूण पूस म्हणालो न्हवतो!"

"पर रंग काय बसलाय! माशी बसली तर घसरून नदीत पडंल."

"माशीचं सोड. उद्या चाचणीला त्याच नावंत तुझा पोरगा आदर्श बसणार हाय. पवाय येतं का त्याला?"

"न्हाय. म्हणून तर चिरंवर लावायला पॅच घ्यायला आलोय."

"आन् लावायचा कुठं? तुझ्या कपाळाला?"

"मेस्त्रीला इचार की."

"सकाळधरनं फोन लावतोय. लागंना."

"मग सगळा रंग खरवडूया?"

"उद्यापतूर? एवढी मोठी नाव?"

"निसार, मग चीर घावायची कशी रं?"

चिमणाबाईंचा नंबर आला. त्यांनी बादली गल्ल्यावर ठेवली आणि मान न वळवता, पण गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच म्हणाल्या, "मालक, आदी हिच्यात पाणी वता. कुठं चीर असली तर बाहीरनं गळाय लागंल."

मागं चपलांचा फटफटाट रस्त्याकडं पळाला.

"अवो पावणं," चिमणाबाई ओरडल्या, "पॅच तरी घिऊन जावा!"