मागची खुर्ची

नाही, तुम्ही मला सांगा, कुणाच्या घरी गेलात तर आधी माणसाची चौकशी करता की खुर्चीची? माणसाचीच ना? मग आमच्या अलाबामातल्या या मासेमारी क्लबवाल्यांना कुणी काही शिकवलंय की नाही? दारात पाऊल टाकलं, नाव सांगितलं, हॉइट प्रुएट, की पुढचा प्रश्न ठरलेला... "बोट आहे? वा! मागची खुर्ची रिकामी आहे का?"

आहे हो! रिकामी आहे! ऑक्टोबरात ग्लेना गेली, म्हणून रिकामी आहे! चाळीस वर्षं ती माझी बायको आणि तितकीच वर्षं माझ्या बोटीची मागची बाजू. मी पुढून गळ टाकणार, ती मागून माझ्या चुका काढणार... "हॉइट, तिथं काही नाही. हॉइट, तिथंही काही नाही. हॉइट, मासा तुझ्यासारखा नसतो, तो विचार करतो." तोंडात सतत उकडलेल्या शेंगा, फोलपटं माझ्या बोटीत! मी कधी ओरडलो नाही असं नाही, रोज ओरडायचो. आता बोट इतकी स्वच्छ असते की बघवत नाही.

तर हे क्लबचं खूळ आमच्या लेकीचं, शेल्बीचं. "डॅडी, एकटे पाण्यावर जाऊ नका. घसरलात तर कुणाला कळणार? इस्टरपर्यंत क्लब धरा, नाहीतर मी बोट विकते." बोट विकते! अगदी आईच्या सुरात! आता बायकोचा सूर लेकीच्या तोंडून आला की माणूस भांडणार तरी कसा, तुम्हीच सांगा.

निघालो. पहिला क्लब चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. माणसं चांगली, पण सुरुवातीची प्रार्थना अशी लांब की मधे मला डुलकी लागली. कुणाच्या गुडघ्यासाठी प्रार्थना, कुणाच्या इंजिनासाठी, कुणाच्या मेव्हण्याच्या इंजिनासाठी! मग नियम. बास जातीचे पाच मासे धरायचे, टाकीत जिवंत ठेवायचे, तोलायचे, परत सोडायचे. मेलेला मासा आणला तर त्याचं वजन कापून धरतात. मी मनात म्हटलं, मेलं की वजन कमी? आमच्याकडे उलटं आहे बाबांनो, ग्लेना गेल्यापासून घरातलं तिचं वजन वाढतच चाललंय.

आणि मग प्रश्न आलाच... "मिस्टर हॉइट, मागची खुर्ची रिकामी आहे का?"

कारण भानगड अशी, की क्लबात बोटवाले थोडे आणि बिनबोटीचे फार. चिठ्ठ्या काढून एकेकाला बोटवाल्याच्या मागं बसवतात. म्हणजे हे क्लब मला नव्हे, माझ्या खुर्चीला सभासद करून घेतात! खुर्चीला मटणाचं ताट, खुर्चीला केळ्याचं पुडिंग, मी आपला तिच्याबरोबर आलेला पाहुणा!

या चर्चवाल्यांनी एकदा नमुन्याला म्हणून डेंटन नावाचा माणूस दिला. शाळेची बस चालवायचा, आता निवृत्त. गरीब गाय. बोटीत चढला आणि बसणार, तर मी ओरडलो, "तिथं नको!" खुर्चीवर ग्लेनाची उशी होती हो, तिनं स्वतः शिवलेली, वाकडी. तो म्हणाला, "मग कुठं बसू?" आता बोटीत आहेच कुठं दुसरी जागा? सकाळपासून दुपारपर्यंत तो बिचारा उभा! बस चालवण्यात जन्म बसून काढलेला माणूस, माझ्या बोटीत उभ्यानं मासेमारी करतोय आणि वर म्हणतोय, "हवा छान लागते इथं."

आणि नेमका तेव्हाच लागला! काय मासा... दांडी अशी वाकली, दोरी अशी सणसणली, मी ऑक्टोबरापासून एवढा मासा पाहिला नव्हता, आणि मासा बोटीपाशी आला तसा माझ्या तोंडून निघून गेलं, "ग्लेना, जाळी!"

चाळीस वर्षांची सवय! ती फोलपटं थुंकायची, दांड्याची जाळी उचलायची आणि मासा आत. कधी चुकली नाही. मी मागं पाहिलं, तर डेंटननं तीच जाळी उचललेली. ग्लेनाची. आणि धरली होती अगदी बरोबर, शहाण्यासारखी, तिच्यासारखी.

मी काय म्हणावं? "ठेव ती खाली!"

ठेवली त्यानं. मासा उसळला, गळ सुटला, संपलं. मी पाण्याकडे बघत बसलो, डेंटन माझ्याकडे बघत उभा राहिला. किनाऱ्याला लागेपर्यंत तो एकच वाक्य बोलला, "चांगला मासा होता, मिस्टर हॉइट." मला रडू आलं. माशासाठी असेल असं त्याला वाटलं असावं. वाटू दे.

दुसऱ्या क्लबाचं तर विचारूच नका. सगळ्यांच्या बोटी चमचमणाऱ्या, अंगातल्या सदऱ्यावर इतक्या जाहिराती की माणूस शोधावा लागतो. मी जेवणाआधीच परतलो. खुर्ची उपाशी राहिली.

राहिला तिसरा. गळाच्या दुकानामागची खोली, अध्यक्ष ओडेल, बहिरट आणि तिरसट. त्यानं नियम वाचले, "आमच्याकडे जाळी चालत नाही. मासा हातानं उचलायचा. बोटीत जाळी दिसली तरी बाद!"

मी कान टवकारले. जाळी नाही? म्हणजे तिची जाळी घरी, गॅरेजात, खिळ्याला? दुसऱ्या कुणी हातात घ्यायचा प्रश्नच नाही? मी हात वर केला. म्हटलं, "ओडेल, जाळी नाही ते कळलं. पण मासा लागल्यावर एखाद्यानं... नुसती हाक मारली तर?"

"कसली हाक?"

"जाळीसाठी. बायकोला."

खोलीतली माणसं गावातलीच. सगळ्यांनी तिच्या हातची पीचची पेस्ट्री खाल्लेली, सगळे तिच्या मातीला आलेले. ओडेलनं चष्मा पुसला, नियमांचे कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळले, आणि घसा खाकरून म्हणाला, "हाकेबद्दल काही लिहिलेलं नाही."

म्हटलं, घाला माझं नाव.

पहिल्या स्पर्धेच्या चिठ्ठ्या निघाल्या कॉफीच्या डब्यातून. आणि माझ्या मागं कोण यावं? डेंटन! अर्धा तालुका दोन-दोन क्लबांत असतो हो आमच्याकडे. काय करणार? पहाटे धक्क्यावर भेटला, टोपी हातात घेऊन म्हणाला, "मिस्टर हॉइट, उभाच राहू ना?"

मी उशी उचलली. पुढं माझ्या खुर्चीवर ठेवली, तिच्यावर बसलो. वाकडी ती वाकडीच, अजून टोचते.

म्हटलं, "बस बाबा, खुर्ची रिकामी आहे. फक्त एक कर... मी 'ग्लेना' म्हणून ओरडलो, तर तू ओ देऊ नकोस."