भागीबाईंना उभं करण्याची गोष्ट

आदरणीय अध्यक्ष जयरामजी, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, आमचे भूलतज्ज्ञ डॉ. शेखर, परिचारिका भगिनी, वॉर्डातले सहकारी आणि ज्यांच्या पोटावर मी कधी ना कधी सुरी चालवली ते माझे जुने रुग्ण, सर्वांना नमस्कार.

या रुग्णालयाची सर्जन म्हणून आज मी निवृत्त होते आहे. माझ्याविषयी इतकं गोड बोललं गेलं की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. निरोपाच्या दिवशी कडू बोलू नये, असं मघाशी एका विश्वस्तांनी कानात सांगितलं. त्यांचा मान राखून मी फक्त एक हकीकत सांगते.

सिन्नरकडच्या भागीबाई आतड्यात गाठ घेऊन आमच्याकडे आल्या. पूर्वी अशा वेळी आम्ही पोट उभं चिरायचो आणि रुग्णाला बरेच दिवस उपाशी, आडवं ठेवायचो. आता दुर्बिणीनं, छोट्या छिद्रांतून गाठ काढतो. पण दुर्बीण अर्धंच काम करते. उरलेलं ऑपरेशनच्या आधी आणि नंतर व्हावं लागतं. आमचे फिजिओथेरपिस्ट बुद्धभूषण यांनी भागीबाईंकडून आधीपासूनच श्वासाचे व्यायाम करून घेतले होते. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या सकाळी ते त्यांना उठवायला गेले, तर मुलगा बारकू आडवा आला.

"मायचं आतडं कापलंय अन् तुम्ही तिला चालवता? मरंल ना ती."

आरडाओरडा ऐकून व्यवस्थापनातले एक गृहस्थ आले. मला म्हणाले, "मॅडम, तक्रार नको. झोपू द्या बाईंना."

मी म्हटलं, "पडून राहिल्या तर छातीत कफ साठेल, पायात रक्ताच्या गुठळ्या होतील."

"काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी."

पण शरीर तर भागीबाईंचं होतं ना? मी त्यांनाच विचारलं. त्या बारकूकडे बघत म्हणाल्या, "तुझा बाप आपरेशननंतर असाच पडून ऱ्हायला, अन् पडूनच गेला. मला उभं करा."

उभ्या राहिल्या आणि त्यांना घेरी आली. बारकू माझ्या अंगावर धावून आला. आम्ही त्यांना बसवलं, रक्तदाब पाहिला, सलाईन वाढवलं. थोड्या वेळानं त्या स्वतःच म्हणाल्या, "चला." बुद्धभूषण यांचा हात धरून खिडकीपर्यंत गेल्या. दुपारी पेज प्यायल्या. संध्याकाळी त्यांचा दुसरा हात बारकूनं धरला होता. आज दोघंही या सभागृहात बसले आहेत.

आणि बुद्धभूषण यांचं पद? 'अनावश्यक' म्हणून ते गेल्या महिन्यात रद्द झालं. त्याच महिन्यात नवी दुर्बीण आली, हार घालून तिचे फोटो निघाले. जरूर घ्या यंत्र. पण सकाळी खाटेवरून माणसाला कोण उठवणार?

अध्यक्ष महाराज, तुम्ही मला दिलेली ही शाल मी इथे टेबलावर ठेवते आहे. ते पद परत येईल त्या दिवशी वॉर्डात येऊन, बुद्धभूषण यांच्या हातून ती घेईन. तोवर रोज सकाळी मी येणार आणि रुग्णांना चालवणार. पगार नको, खुर्चीही नको. अडवायचं असेल त्यांनी दारात उभं राहावं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. मागणी मात्र पोटात घालू नका.