फिरतीची नौकरी

...आन् वरून म्हणते कसा, "भाऊजी, फिरता-फिरता पैसा हाय!" माहा साळा हो, गोविंदा! फिरता-फिरता पैसा, म्हणे! तुम्हाले सांगतो, मी जन्माचा कोष्टी. तीस वर्सं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो, नागपुरातल्या इतवारीच्या पलीकडं कधी गेलो नाही, आन् हा मले फिराले सांगते! पण करता काय? कामठीले मशीनचे माग आले, माहा माग बंद पडला, घरात लग्नाची पोट्टी, शोभा. गोविंदानं दंतमंजनाच्या पुड्यायची थैली खांद्यावर अडकवली न् म्हणे, "बसमध्ये चढाचं, दोन शब्द बोलाचे, पुड्या खपल्या का उतराचं. हाय काय त्याच्यात?"

दोन शब्द! अहो, तीस वर्सांत मी बायकोसंगं दोन शब्द धड बोललो नाही! घरात मागच बोले, आम्ही दोघं ऐको!

पयल्या दिवशी उमरेडच्या बसमध्ये चढलो. उभा राहिलो. तोंड उघडलं... आवाजच नाही! कंडक्टर म्हणे, "कुठं जाता काका?" मी म्हणलो, "उमरेड." फाडलं न् तिकीट! उमरेड आलं, उतरलो. वापसीच्या बसमध्ये चढलो, पुन्हा तिकीट, पुन्हा मुका. घरी आलो तं बायको, मैनाबाई, इचारते, "कसं झालं हो?" काय सांगू? म्हणलो, "उमरेड चांगलं गाव हाय."

तिसऱ्या दिवशी फुटला एकदाचा आवाज. "भाइयो और बहनो, हिलते हुए दाँत, दुखते हुए दाँत..." मागून एक पोट्टं वरडलं, "काका, तुमचे समोरचे दोन कुठं गेले?" आता त्याले काय सांगू, का सूत दातानं तोडू-तोडू गेले? सारी बस हासून राहिली! पण एक गोष्ट सांगतो, हासलेला माणूस पुडी घेते! त्या दिवशी सात खपल्या. मले वाटलं, साळा खरंच बोलला काय?

तेवढ्यात शोभासाठी उमरेडचंच स्थळ आलं. आपल्यातलेच, नानाजी म्हणून. पोरगा रविंद्र. नानाजीनं इचारलं, "तुम्ही काय करता?" मैनाबाई फाटकन म्हणे, "हे कंपनीत हायेत, फिरतीवर असतेत." नानाजी खुश! "वा! आमचा रविंद्रबी कंपनीत, फिरतीवरच असते!" मी मनात म्हणलो, देवा, पोट्टीनं नशीब काढलं! झालं साक्षगंध.

आन् आली पंचाईत. उमरेडच्या बसमध्ये आता व्याही भेटन, विहीण भेटन! म्हणून लाईन बदलली, कामठी पकडली. तिथं आपल्याले कोण ओळखते? फिरता-फिरता पैसा, म्हणे... फिरता-फिरता तोंड लपवणं झालं हो!

तं एक दिवस कामठीच्या बसमध्ये माहं चालू, "हिलते हुए दाँत..." आन् समोरच्या दारातून आवाज, "कमर का दर्द, घुटने का दर्द, एक ही मलम!" काय आवाज! खणखणीत! मले आला राग. एका बसमध्ये एकच बोलणारा, धंद्याचा कायदाच हाय! घुसलो समोर, "काहून बे, कोण हायेस तू?" त्यानं मान वळवली...

रविंद्र! माहा होणारा जवाई! हातात मलमाची डबी, अंगात माह्याच घरचा साक्षगंधाचा शर्ट!

पोट्ट्याचं तोंड पांढरंफटक. पण संस्कार पाहा, चालत्या बसमध्ये वाकून माह्या पाया पडला! "मामाजी!" झालं! लोक वरडले, "अरे, दोनो मिले हुए हैं!" एक बाई म्हणे, "एक दात हालवते न् दुसरा कंबर मोडते!" कंडक्टरनं घंटी मारली न् दोघायलेबी उतरवून देल्लं. ना नागपूर, ना कामठी!

लिंबाच्या झाडाखाली बसलो. मंग तोच म्हणे, "मामाजी, लग्न मोडाचं असन तं मोडा. पण शोभाले कारण सांगू नका."

"तुह्या बाबाले माहीत हाय?"

"नाही जी. त्यायनं माग मोडला, लाकडं चुलीत गेले. त्यायले वाटते, पोरगा कंपनीत हाय."

माहंबी तेच पाप! खरं सांगतो, मोडाचंच होतं मले. आपल्यासारखाच फाटका माणूस पोरीच्या गळ्यात बांधाचा? तीस वर्सं मैनाबाईनं काय पाहलं, ते मले माहीत नाही काय? पण त्याचे ओठ सुकेल दिसले. इचारलं, "जेवला का?" मान हालवली, नाही. शोभानं बांधून देल्लेली भाकर होती, अर्धी त्याले देल्ली. खाता-खाता खाली पाहून म्हणते, "चांगली केली जी."

अर्धीच भाकर होती हो... आन् तो चांगली म्हणून राहिला! मंग नाही मोडवलं.

लग्न झालं. नानाजीनं काही मागतलं नाही. पण एका लाईनीवर सासरा-जवाई कसे चालतीन? लोक जवायाले घड्याळ देतेत, सायकल देतेत... मी कामठीची लाईन देल्ली!

मले उरली कोराडी. फिरता-फिरता पैसा, म्हणे! कोराडीचं बिजलीघर पाहलं ना? समोर कोळशाचा ट्रक, मागं कोळशाचा ट्रक, आन् वरून राख. पयल्याच दिवशी उभा राहिलो, "भाइयो और बहनो, चमकते हुए दाँत..." खिडकीपाशी एक म्हातारी बसेल होती. तिनं खिडकीच्या दांडीवरून बोट फिरवलं, करडं बोट मले दाखवलं, दातायवर घासलं न् म्हणे, "बाबू, इथं राखुंडी आभाळातून फुकट पडते गा!"

आता बोला... काय करतो? बसून घेतलं तिच्या बाजूले. तिकीट तं काढेलच होतं.